सदतिसावं लिंबू

मंजुळाने हात खोक्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. एका मुठीत लिंबू, दुसऱ्या मुठीत मिरची, आणि दहिसरच्या मासळी बाजारातल्या पस्तीस बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळ्यांची मतं टाकून झाली होती. तिचंच राहिलं होतं.

प्रश्न एकच होता. बाजारात बायकांसाठी नळ आणि संडास बांधायचा, तर त्यासाठी प्रत्येकीने शंभर रुपयांच्या विक्रीमागे एक रुपया द्यायचा की नाही? बांधायची परवानगी महिन्यापूर्वीच मिळाली होती, खर्च मात्र आपला आपण बघायचा होता. हात वर करून मत द्यायला कुणी तयार होईना, कारण जावेच्या देखत हात वर करायचा म्हणजे वर्षभराचं भांडण. चिठ्ठ्या काढाव्यात, तर निम्म्या जणींना लिहिता येत नव्हतं. शेवटी संघटनेची सेक्रेटरी तेजल हिने युक्ती काढली. लिंबू म्हणजे हो, मिरची म्हणजे नाही. पदराआडून थर्माकोलच्या खोक्यात टाकायचं.

“पण खरी विक्री कोण सांगणार?” असं मंजुळानेच पहिल्या बैठकीत विचारलं होतं. “चाळीस वर्षांत मी नवऱ्याला सांगितली नाही, तुला सांगू?”

त्यावर तेजलने पैशांच्या डब्याला एकवीरा आईचा फोटो चिकटवला होता. आईच्या देखत खोटी विक्री सांगायला कुणी धजणार नव्हतं.

छत्तीस लिंबं आणि छत्तीस मिरच्या चंपाकडून उसन्या आणल्या होत्या. चंपा बाजाराच्या दाराशी फुटपाथवर कोथिंबीर, लिंबं आणि मिरच्या घेऊन बसते. मासळी घेतलेलं गिऱ्हाईक तिच्यापाशी थांबतंच. पण तिला आत ओटा नाही, म्हणून संघटनेत नाव नाही, म्हणून मतही नाही. लिंबं मोजून घेताना हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

“मावशी, टाक ना,” तेजल म्हणाली. “तूच तर मागे लागली होतीस.”

ते खरंच होतं. संडासावरून वर्षभर मंजुळाने तेजलचं डोकं खाल्लं होतं. ती मनोरीहून उजाडायच्या आत निघायची आणि तीन वाजता परत फिरायची. अलीकडे तोवर पाण्याचा थेंब तोंडात घालायची नाही. प्यायलं तर जायचं कुठे? त्याआधी वीस वर्षं या प्रश्नाला एक उत्तर होतं, चंपाच्या चाळीतला संडास. चाळ नदीपलीकडेच होती आणि कुलपाची चावी चंपाच्या कमरेला असायची. अकरा वाजले की चंपा दारातून नुसती मान हलवायची, मग दोघी आपापला माल शेजारणींवर सोपवून निघायच्या. दोन वर्षांपूर्वी चाळ पाडली. तिथे टॉवर उभा राहतोय आणि चंपा नालासोपाऱ्याहून येते. तेव्हापासून दोघीही कोरड्या घशाने बसतात.

“आधी सांग, नव्या संडासाची चावी कुणाला मिळणार?” मंजुळाने विचारलं.

“किती वेळा सांगू? कर भरेल तिला, प्रत्येकीला एक.”

“मग दाराशी बसलीय ना, तिलाही लाव कर.”

बायांमध्ये कुजबुज उठली. दोघीतिघींनी कपाळावर हात मारले. चंपा दारातच उभी होती, तिला सगळं ऐकू गेलं.

“मला?” ती म्हणाली. “मंजुळे, दिवसाला तीनशेचा धंदा होतो गं माझा. कोथिंबीर सडते ती वेगळीच. आणि तू माझ्यावर कर बसवायला निघालीस?”

“तीनशेला तीन रुपये. काही मरत नाहीस त्याने.”

चंपाचा चेहरा एवढासा झाला. तेजल मंजुळाच्या कानाशी आली.

“मावशी, जाऊ दे ना. गरीब बाई आहे. आली कधी वापरायला तर आपण काय नाही म्हणणार आहोत?”

“तू नाही म्हणणार नाहीस. उद्या दुसरी सेक्रेटरी येईल, मग? रोज कुणापुढे तरी हात पसरून उभी राहील ही?” मंजुळाचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. “वीस वर्षांत मी हिच्याकडे चावी मागितली नाही. हिने मागायची पाळीच येऊ दिली नाही. आणि आता ही मागत फिरणार? मला नाही बघवणार. हिचं नाव नसेल, तर ही बघ माझी मिरची.”

मागच्या ओट्यावर कुणीतरी नाक ओढलं. तेजलने वही उघडली आणि छत्तीस नावांखाली सदतीस आकडा घातला.

“चंपा... आडनाव काय गं मावशी तुझं?”

इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं.

“खिल्लारे,” चंपा म्हणाली, आणि नीट लिहिलंय ना ते वाकून बघून आली.

मोजून आणलेल्या छत्तिसांत तिच्यासाठी लिंबू नव्हतं. तिने स्वतःच्या टोपलीतून एक उचललं, पदराला पुसलं आणि सगळ्यांसमोर, काही न लपवता खोक्यात टाकलं. तिच्या मागोमाग मंजुळाने आपलं टाकलं.

एकतीस लिंबं, सहा मिरच्या. त्या सहा कुणाच्या हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाया पांगल्या. चंपाने कनवटीचे तीन रुपये काढून डब्यात टाकले, मग आपली पाण्याची बाटली घेऊन मंजुळाच्या ओट्याशी आली. बाटली भरलेलीच होती. सकाळी आणायची आणि संध्याकाळी तशीच न्यायची.

“घे, पी.”

“अगो, अजून एक वीट बसली नाही.”

“घोटभर घे.”

मंजुळाने एक घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला आणि गिळला. बाटली परत दिली.

“बाकीचं बांधून झाल्यावर.”

चंपाने बूच घट्ट लावलं. सवयीने तिचा हात कमरेशी गेला, जिथे पूर्वी चावी असायची.

“नवी चावी माझ्याकडेच ठेवेन हां,” ती म्हणाली. “तुझी तू हरवशील.”