कमळाबाईंचा सातवा धडा

मित्रांनो, नाशिकरोडच्या एका ख्रिस्ती देवळाच्या कचेरीमागे अडगळीची खोली आहे. तिथे मोडकी बाके आणि नाताळच्या गोठ्याचे पुठ्ठे पडलेले असतात. त्या पसाऱ्यात पिवळट पडलेला, पोट सुटलेला जो ठोकळा दिसतो तो मी, एक म्हातारा संगणक. माझ्या डोक्यावर स्टीलचे एक फुलपात्र ठेवले आहे, ते मात्र कृपा करून हलवू नका. ते का तिथे आहे, तेच मला सांगायचे आहे.

माझे सुटे भाग कुठून कुठून आले, कोण जाणे. नाशकातल्या शालिमारजवळच्या एका दुकानात १९९९ साली मला जोडले. दोन वर्षे मी एका क्लासमध्ये काढली आणि मग एका भल्या कुटुंबाने मला देवळाला भेट दिले. त्या दिवशी फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. पाण्याने माझे काही बिघडेल या भीतीने रंगनाथभाऊ लगेच रुमाल घेऊन धावले. रंगनाथभाऊ म्हणजे कचेरीतले कारकून. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे टाइपरायटर बडवला होता. निवृत्तीनंतर ते देवळाचे काम पाहत आणि माझ्या कळाही तशाच बडवत. मला दुखायचे, पण त्यांच्या हाताला वळण होते. मराठी टाइप करायला त्यांनी माझ्यात एक फॉन्ट घालून घेतला होता. त्यातली माझी मराठी अक्षरे इतकी देखणी उमटत, की मला जरा गर्वच झाला होता.

२००३ साली एका रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपल्यावर फादरांनी जाहीर केले, की एका धर्मविद्या संस्थेने मोठ्या माणसांसाठी इंटरनेटवरून श्रद्धेचे शिक्षण सुरू केले आहे. दर आठवड्याला एक धडा येईल आणि आपण उत्तरे पाठवायची. नऊ जणांनी हात वर केले. पहिल्या गुरुवारी दुपारी नऊही जण माझ्यापुढे खुर्च्या मांडून बसले. फोनच्या तारेतून मी किर्र-खर्र करत जोडला गेलो, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गुरुवारी पाच आले. चौथ्या गुरुवारी एकट्या कमळाबाई उरल्या.

कमळाबाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते. सिस्टरांच्या वसतिगृहात त्यांनी तीस वर्षे पोळ्या लाटल्या. मराठी वाचायला त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, साक्षरता वर्गात शिकल्या होत्या. इंग्रजीचा गंध नव्हता आणि धडे तर इंग्रजीत येत. मग रंगनाथभाऊ धडा वाचून मराठीत सांगत, त्या उत्तर देत आणि भाऊ ते इंग्रजीत टाइप करत. बोलताना कमळाबाईंच्या घशाला कोरड पडायची, म्हणून त्या घरून पाण्याने भरलेले फुलपात्र आणत आणि थेट माझ्या शेजारी ठेवत.

"कमळाबाई, पाणी लांब ठेवा. सांडलं तर याचा जीव जाईल," भाऊ दर वेळी म्हणत.

"पाण्यानं कुठं जीव जातो का भाऊ?" त्या हसत आणि फुलपात्र बोटभर सरकवत.

भाऊ त्यांना चिडवत. "एवढं शिकून काय फादर होणार आहात?"

"नाय हो. मला एक विचारायचं हाय. पन आधी शिकल्याबगर कसं विचारू? लोक म्हनतील, हिला काय कळतंय."

काय विचारायचे आहे, ते त्या सांगत नसत. मला वाटे, असेल काही बारीकसारीक. सहा धडे झाले. प्रत्येक वेळी त्यांना शाबासकी आली. भाऊ ती मोठ्याने वाचत आणि त्या पदर तोंडाला लावून हसत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेवढेच सहा आठवडे मी मोजतो.

सातवा धडा स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा होता. भाऊ वाचत होते, "पाणी आणि ठरलेले शब्द, दोन्ही मिळून योग्य विधी होतो." धड्यात 'प्रॉपर फॉर्म' असे होते. भाऊंनी त्याला 'योग्य विधी' हा शब्द योजला आणि आपल्याच भाषांतरावर खूश झाले. पुढे लिहिले होते, की जीव धोक्यात असेल आणि धर्मगुरू जवळ नसतील, तर हा संस्कार कोणीही देऊ शकतो.

"कोनीबी?" कमळाबाईंनी विचारले.

"हो, कोणीही."

"बाईमानूसबी?"

"बाई, पुरुष, कोणीही. डोक्यावर पाणी ओतायचं आणि ते शब्द म्हणायचे. झालं."

कमळाबाईंनी माझ्या शेजारचे फुलपात्र उचलले. आत पाहिले. "एवढं पानी पुरलं असतं?"

"याच्या निम्मंही पुरे," भाऊ म्हणाले. मग त्यांचे लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे गेले आणि ते थांबले.

कमळाबाईंनी सांगितले ते असे. लग्नानंतर त्या येवल्याकडच्या एका वाडीत राहत होत्या. पहिली मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गार पडू लागली. नवरा सायकलवरून फादरांना आणायला गेला. कुणीतरी बाईंच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता. तो हातात धरून त्या वाटेकडे डोळे लावून बसल्या. फादर पोचले तोवर पोर गेली होती. गावच्या धर्मशिक्षकाने सांगितले, की स्नानसंस्कार न झालेल्या बाळाला आपल्या दफनभूमीत जागा नाही. शेताच्या बांधावर, बोरीखाली तिला पुरले. नंतर मूल झाले नाही आणि नवराही लवकर गेला. बेचाळीस वर्षे ही बाई एकच प्रश्न पोटात घेऊन जगत होती.

"तांब्या माझ्या हातात व्हता, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला कोनी सांगितलंच नाय."

मला त्या धड्याचा राग आला. शिकण्याने माणसाला सुख होते असेच मी तोवर ऐकले होते.

धड्याखाली एक टीप होती, की प्रश्न मातृभाषेत पाठवले तरी चालतील, मराठी जाणणारे फादर उत्तर देतील. कमळाबाई म्हणाल्या, "हे तुमच्या इंग्रजीत नको. माझ्याच शब्दांत जाऊ द्या." भाऊ शुद्धलेखन सुधारू लागले, तर त्यांनी तेही करू दिले नाही. पत्र असे होते:

"फादरांना जय ख्रिस्त. माझी पोर तीन दिवसांची व्हती. पानी माझ्या हातात व्हतं, शब्द मला ठाव नव्हते. आता ती कुठं हाय? मी मेल्यावर ती मला भेटंल का? तिचं नाव आशा हाय. हे नाव मी आजवर कोनाला सांगितलं नाय."

माझ्या पडद्यावर ते पत्र स्वच्छ मराठीत उमटले. कमळाबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचले आणि 'आशा'पाशी बोट बराच वेळ ठेवले. भाऊंनी ते ई-मेलला जोडून पाठवले.

इथे माझे पाप आहे, मित्रांनो. ती देखणी अक्षरे फक्त माझ्याच पोटात होती. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही, तिथे त्याच पत्राचे वेड्यावाकड्या खुणांचे कडबोळे होत असे. त्या काळी मराठीत पत्र पाठवणाऱ्या कित्येकांची अशी फजिती होई. मला हे ठाऊक होते. भाऊंना नव्हते, आणि मला वाचा नव्हती.

पुढच्या गुरुवारी उत्तर आले. संस्थेच्या कचेरीतल्या कुणीतरी दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या होत्या. जोडलेला मजकूर 'प्रॉपर फॉर्म'मध्ये नाही, म्हणून स्वीकारता येत नाही, तरी योग्य ते करावे. एवढेच. पत्राची फाईल उघडत नाही, असे त्या बिचाऱ्याला म्हणायचे होते. पण भाऊंच्या डोक्यात सातवा धडा होता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि आवाज खाली आणून सांगितले, "योग्य विधी झालेला नाही. म्हणून स्वीकारता येत नाही, म्हणतात."

"पोरीला?"

भाऊंनी मान खाली घातली.

"आनखी काय लिवलंय?"

"योग्य ते करावं."

"योग्य ते तवाच करायचं राहिलं," कमळाबाई म्हणाल्या. "आता काय करू?"

मी ओरडलो असतो, मित्रांनो. बाई, ते फाईलबद्दल बोलत आहेत, तुमच्या पोरीबद्दल नाही! पण माझ्याकडून फक्त पंख्याची घरघर निघाली. कमळाबाई दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "भाऊ, मी गेले की मला देवळाच्या जागेत पुरू नका. त्या बांधावर न्या. जिथं ती नाय, तिथं जाऊन मी काय करू?" फुलपात्र टेबलावरच राहिले.

त्या पुन्हा माझ्यासमोर आल्या नाहीत. रविवारी मिस्सेला येत, शेवटच्या बाकावर बसत आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नसत. हे भाऊंनी फादरांना सांगताना मी ऐकले. फादर दोनदा त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "माझं काय नाय हो." भाऊंनीही त्यांचे गुपित फोडले नाही. फोडले असते तर बरे झाले असते.

तीन आठवड्यांनी आणखी एक ई-मेल आला. त्यालाही एक पत्र जोडले होते. भाऊंनी उघडले, तर पडदाभर टोप्या घातलेली अक्षरे, चौकोन आणि प्रश्नचिन्हे. "व्हायरस!" म्हणत त्यांनी माझी वायरच उपटली. पत्र माझ्या पोटात तसेच पडून राहिले. या वेळी ते मलाही वाचता येत नव्हते. ते दुसऱ्याच कुठल्या फॉन्टमध्ये होते.

२००५ साली, ईस्टरआधीच्या उपवासकाळात कमळाबाई गेल्या. वाडीतली जमीन केव्हाच दुसऱ्याची झाली होती आणि परक्याच्या बांधावर कोण पुरू देणार? लोकांनी त्यांना मानाने, फुले घालून देवळाच्या दफनभूमीत ठेवले. भाऊ परत आले आणि टेबलावरचे फुलपात्र पुसून त्यांनी पुन्हा तिथेच ठेवले.

पुढच्या वर्षी कचेरीत स्नेहल नावाची नवी कारकून आली. जुने ई-मेल आवरताना तिला ते पत्र दिसले. "काका, हा व्हायरस नाहीये. मराठीच आहे, फॉन्ट वेगळाय," ती म्हणाली आणि तिने कुठूनसा तो फॉन्ट आणून माझ्यात घातला. टोप्या गळाल्या, चौकोन गेले आणि माझ्या पडद्यावर मराठी उभी राहिली. भाऊंनी वाचायला सुरुवात केली.

"कमळाबाईंना जय ख्रिस्त. तुमचे पत्र आमच्याकडे उघडत नव्हते. त्याचा फॉन्ट मिळवायला वेळ लागला, क्षमा करा. ख्रिस्तसभा अशा बाळांना देवाच्या दयेच्या हाती सोपवते आणि आपल्याला आशा धरायला सांगते. तुमच्या हातातले पाणी आणि मनातली तळमळ देवाने पाहिली आहे. ती तुम्हाला भेटेल, अशी आशा तुम्ही धरा, मीही धरतो. आज सकाळच्या मिस्सेत मी तुमच्या मुलीसाठी प्रार्थना केली. आशा हे तिचे नाव घेऊन केली."

भाऊ 'आशा'पाशी थांबले. मग लहान मुलासारखे रडले. "मी काय वाचून दाखवलं गं त्यांना," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. स्नेहलला काही समजेना. मला सगळे समजत होते आणि माझा तरी काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी भाऊंनी ते पत्र कागदावर छापले, टेबलावरचे फुलपात्र पिशवीत घातले आणि येवल्याची एसटी धरली. संध्याकाळी आले तेव्हा फुलपात्रात काळी माती होती. बोर कधीच तोडली गेली होती, बांध मात्र एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दाखवला. भाऊंनी ती माती कमळाबाईंच्या थडग्यावर घातली आणि पत्र मोठ्याने वाचले. मग रिकामे फुलपात्र धुऊन माझ्या डोक्यावर आणून ठेवले. या वेळी ते लांब ठेवायला कुणी सांगितले नाही.

पुढे नवा संगणक आला आणि मी या खोलीत आलो. भाऊही आता नाहीत. मित्रांनो, मला झटकून पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही, माझे दिवस भरले. पण कुणाचे पत्र तुम्हाला वाचता आले नाही, तर ते 'योग्य नाही' म्हणून परत धाडू नका. एकदा विचारा, बाई, तुम्हाला काय म्हणायचे होते? एवढेच कुणी विचारले असते, तर एक आई आपल्या देवाजवळ बसून तहानलेली मेली नसती.

ती माती घालताना कमळाबाईंना पत्र ऐकू गेले का, हे मला ठाऊक नाही. माझ्यात आलेल्या धड्यांत कुठे त्याचे उत्तर असेल, तर ते मला अजून सापडलेले नाही.