जागेवर वारा आढळला

“हात धरा, सायेब. असा, पालथा.”

लेव्हीचे कारकून भिंतीतल्या भोकापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी हात पालथा धरला. बराच वेळ धरला. भोकातून काहीही आलं नाही.

“काय यायचं असतं यातून?”

“वारा,” चांदसाहेब म्हणाला.

“आणि जोंधळा कुठून येतो?”

दारात जमलेल्या मंडळींनी माना खाली घातल्या. सेहेचाळीस सालची गोष्ट. सरकार घरोघर धान्य मोजून लेव्ही नेत होतं, आणि विट्यातला जोंधळा जमिनीखालच्या पेवांत तोंड लिंपून गप्प बसला होता. चांदसाहेब तर तालुक्यातला नावाजलेला पेव खणणारा. त्याने आपल्याच घरामागे दोन पुरुष खोल चर खणून परत बुजवला, याचा अर्थ गावात प्रत्येकाला कळत होता. कळूनही कुणी बोललं नव्हतं. गावाची माया, दुसरं काय!

खरी गोष्ट इतकी साधी होती की तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

चांदसाहेबाची बायको आबेदा दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. ऊन वाढलं की तिचा जीव घाबरा होई, ओठ निळे पडत. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “उन्हाळा पाचगणीला काढा. इथल्या उकाड्यात ह्या टिकायच्या नाहीत.” औषध उत्तम होतं, विट्यात मिळत नव्हतं, एवढंच. त्यातून घरावर पत्रा. चांदसाहेबाने लढाईच्या आधी हौसेने घातलेला, आळीतला पहिला. वैशाखात त्या पत्र्याखाली पापड आपोआप भाजले असते.

परतीला नवराबायको सर्व्हिस मोटारीत बसली. मायणी सुटल्यावर चांदसाहेबाने विचारलं.

“पाचगणी वर हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग आपण खालनं आणू.”

जन्मभर पेवात उतरलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. वरची चार हात माती उन्हाची. तिच्या खालच्या मातीला वैशाखही कळत नाही आणि पौषही. उन्हाळ्यात ती गार लागते, थंडीत ऊबदार. ती आपली जागच्या जागी असते, फिरतो तो वरचा माणूस. चांदसाहेब पेवात उतरला की तळाला हात पालथा, म्हणजे मागच्या बाजूने, टेकवून बघायचा. कुदळीने तळहातांना असे घट्टे पडलेले, की त्यांना आता काही कळत नसे.

माघ-फाल्गुनात त्याने चर खणला. कुंभाराकडून खापरी नळ आणून तळाशी तीस पावलं ओळीने पुरले. एक तोंड मागच्या लिंबाच्या सावलीत, दुसरं आबेदाच्या उशापाशी. वैशाख लागता लागता पत्र्याला भोक पाडून डांबराची तीन रिकामी पिंपं एकावर एक उभी केली. पिंपं उन्हाने तापली की घरातली हवा त्यातून वर पळायची आणि आपल्या मागे जमिनीखालची गार हवा ओढून आणायची.

“उन्हालाच गड्यासारखा कामाला लावलाय,” त्याने आबेदाला समजावलं.

“बघा हं. दुपारचा झोपंल त्यो.”

तो झोपला नाही. पहिल्याच दुपारी आबेदाच्या कपाळावरची बट हलली. तिसऱ्या दिवशी तिने चादर मागितली. विट्यात. वैशाखात.

आणि आज, नेमकं कारकुनांच्या हातावर, काहीच येत नव्हतं. आबेदाचे ओठ निळसर दिसू लागले होते.

“चर खणा,” कारकून म्हणाले.

त्यांच्याबरोबर आलेले दोघे गडी कुदळी घेऊन निघाले. चांदसाहेब आडवा झाला.

“नळ फुटलं तर ही आजची दुपार काढायची न्हाई, सायेब. मला न्हेऊन कोंडा, पर चर ऱ्हाऊ द्या.”

तेवढ्यात शेजारची राहीबाई गर्दीतून पुढे घुसली.

“थांबा! त्याचं तोंड मीच लिंपलंय.”

“कशाचं तोंड?”

“पेवाचं. सायेब येणार म्हटल्यावर सकाळीच शेणमातीनं लिंपलं, वर गवऱ्या रचल्या. उघडं पेव कुणी ठेवतं व्हय?”

“राहीबाई, हजारदा सांगितलं, त्यात वारा हाय!”

“आवं चांदभाई, समदी असंच सांगत्यात. आमी न्हाई का सांगत, आमच्या पेवात वैरण हाय म्हणून?”

बोलून गेल्यावर राहीबाईने जीभ चावली. चांदसाहेब तोवर लिंबाखाली पोचून गवऱ्या लाथेने उडवत होता. कुदळीच्या दांड्याने त्याने ओलं लिंपण फोडलं.

घरात कारकुनांच्या मांडीवरचे कागद सळसळले. त्यांनी ते दाबून धरले, मग सोडून दिले. टोपी काढली. आबेदाची बट पुन्हा कपाळावर हलत होती. राहीबाईच्या वैरणीचा विषय त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नसावा. किंवा पोचून त्यालाही गार लागलं असावं. दिवेलागणीपर्यंत ते तिथून उठले नाहीत. दप्तरात शेरा पडला: ‘जागेवर वारा आढळला. लेव्हीस पात्र नाही.’ त्या उन्हाळ्यात फेरतपासणीसाठी ते आणखी तीनदा आले; तिन्ही वेळा भर दुपारी.

आबेदाने त्यापुढचे दोन उन्हाळे काढले. तिसऱ्या वर्षी चैत्रात ती गेली. सकाळी, पिंपं तापायच्या आधी.

कबर चांदसाहेबाने स्वतः खणली. कुणाला कुदळ लावू दिली नाही. छातीइतकी झाली तेव्हा वर उभा असलेला त्याचा दोस्त याकूब म्हणाला, “बास की गड्या. इतकीच असती.”

“एवढी माती तापती,” चांदसाहेब म्हणाला आणि खणत राहिला.

मग त्याने कुदळ वर दिली. खाली बसून तळाला हात पालथा टेकवला. पुष्कळ वेळ टेकवून ठेवला. वरून कुणी घाई केली नाही.

“हां,” तो म्हणाला. “आता आणा तिला.”