वरवंडच्या चंद्रावर कोण

रतनबाईला चंद्रावर उभं राहायचं होतं आणि तिच्या पोराला ते नको होतं. भांडण एवढंच. बाकीची भर गावानं घातली, कारण गावाला दुसऱ्याच्या भांडणात हात धुऊन घ्यायची हौस असते.

साल दोन हजार आठ. आपल्या देशाचं यान चंद्राकडे निघायचं होतं आणि पेपरात रोज तोच विषय. यंत्रं पाठवून भागेल की पुढंमागं माणूसही पाठवायचा, यावर मोठमोठी माणसं एकमेकांना खोडून काढत होती. वरवंडच्या चौकातल्या मंडळानं गणपतीला चंद्राचा देखावा करायचं ठरवलं आणि तो वाद आयता गावात येऊन बसला.

विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा मच्छिंद्र हलत्या देखाव्याचा माणूस. त्यानं सहा चाकांचं एक यंत्र बनवलं होतं. ते मान फिरवायचं आणि चिमट्यानं दगड उचलायचं. त्याचं म्हणणं, चंद्रावर हे एकटं पुरे. शाळेतल्या सुषमाबाई दरवर्षी जिवंत देखावा बसवायच्या. त्यांचं म्हणणं, माणूस नसला तर चंद्र कशाला, नुसता माळ दाखवा.

पण सुषमाबाईंना चांद्रवीर मिळेना. फोमचा जाडजूड पोशाख, वरून चांदीचा कागद, डोक्यावर काच लावलेलं शिरस्त्राण, आणि आत न हलता उभं राहायचं. गावातली दांडगी पोरं आली, घटकाभरात नाक खाजवायला लागली. एक जण तर तसाच पोशाखात टपरीवर चहा प्यायला गेला. तेव्हा रतनबाई पुढं आली. म्हणाली, "मला घाला त्यात."

सुषमाबाईंनी गंमत म्हणून घातलं. रतनबाई उभी राहिली ती राहिलीच. सुषमाबाई बाकीच्यांची तालीम घेण्यात तिला विसरूनही गेल्या. आठवण झाली तेव्हा धावत येऊन त्यांनी काच वर केली. "मावशी, कंटाळा नाही का आला?"

"कंटाळा बसून आला व्हता," रतनबाई म्हणाली. "उभं राहून कशाला यील?"

खरंच होतं ते. बाईचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर वर यायचं. रानात मेंढरं चरत असताना काठीला रेलून अख्खी दुपार उभं राहायचं. पुढं पोरानं, शंभूनं, मेंढरं विकली, जमीन घेतली, गाया बांधल्या. पोरगा गुणाचा. आईला काडी उचलू देत नव्हता, आणि तेच तिचं दुखणं होतं. ओट्यावर बसून बसून ती आंबून गेली होती.

शंभूनं मात्र मेंढरांबरोबर तो विषयही विकून टाकला होता. आता तो दूध डेअरीच्या संचालकांत बसायचा. आपण कधी फिरस्ते होतो हे कुणी काढलं की त्याचा चेहरा उतरायचा. आई चौकात कागद गुंडाळून उभी राहणार हे कानावर आलं तसा तो तडक मच्छिंद्राच्या बाजूला जाऊन मिळाला.

शेवटी मंडळानं ठरवलं, चौकात सभा घ्यायची आणि हात वर करून निकाल लावायचा. संध्याकाळी माईक लागला. बाया देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या. रतनबाई त्यांच्यात पुढं.

मच्छिंद्रानं सुरुवात केली. "यंत्राला भाकर लागत न्हाई, पाणी लागत न्हाई, हवा लागत न्हाई. मंगळावर दोन गाड्या चार वर्सं फिरत्यात, कुणी त्यांना चहा विचारलाय? आन् माणसं धाडली तवा काय झालं? पाच वर्सांमागं परत येताना सात जण वरच्या वर जळालं. यंत्र मोडलं तर सुतक न्हाई."

लोक गंभीर झाले. मुद्दा बिनतोड होता.

सुषमाबाई उठल्या. "वीज गेल्यावर तुमचं यंत्र काय करणार, मच्छिंद्रभाऊ?" त्या साली भारनियमनानं जो तो वैतागलेला, त्यामुळं हशा पिकला. हशा थांबल्यावर त्या म्हणाल्या, "यंत्राला सांगितलं तेवढंच ते बघतं. न सांगितलेलं बघायला माणूस लागतो."

मग शंभू आला. त्याचा आवाज खणखणीत, म्हणून देखाव्याचं निवेदन दरवर्षी त्याच्याकडंच. "माणसानं वणवण करायचे दिवस गेलं," तो म्हणाला. "यंत्र फिरंल, आपुन घरी बसून बघू. ह्यालाच सुधारणा म्हणत्यात. माझीच आई बघा. जल्मभर पायपीट केली तिनं. काय मिळालं तिला?"

पोरगा कळवळ्यानं बोलला होता, हे रतनबाईला कळलं. तरीही ते तिला लागलं. सगळ्या जन्माची किंमत अशी माईकवर शून्य झालेली कुणाला सोसेल? ती उठली. माईकपाशी जायचंही तिला सुचलं नाही.

"काय मिळालं म्हंतोस? तू मिळालास," ती म्हणाली. "वरंधा घाट उतरून महाडच्या अलीकडं, आंब्याच्या झाडाखाली. मी घरी बसून बघत राहिली असती तर तू आज भाषान कराया नसतास."

पायऱ्यांवरच्या बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. शंभू लाल झाला. रतनबाई मात्र हसत नव्हती.

"मच्छिंद्राचं यंत्र वाईट न्हाई. आम्ही बी नव्या रानात आधी कुत्रं सोडायचो. ते पुढं गेलंच पायजे. पर कुत्रं बघून आलं म्हणून कुणी तळ हलवत न्हाई. तिथं कुणीतरी जाऊन उभं राहावं लागतं, आन् म्हणावं लागतं, या, हितं निभंल." ती मच्छिंद्राकडं वळली. "आन् जळाल्याली माणसं म्हंशील, तर आमची बी वाटंवर गेली. दर साली कुणी ना कुणी जायचं. त्यांना पुरून आम्ही पुढं जायचो. वणवण नव्हती ती. आमचं चालणं व्हतं."

हात वर झाले. माणसाच्या बाजूनं इतके झाले की मोजायची गरज पडली नाही. मच्छिंद्राचं यंत्रही ठेवायचं ठरलं, रतनबाईच्या दोन पावलं पुढं. तेवढ्यावर तोही खूश झाला.

शंभू घरी आल्यावर बोलला. "उभी राहा, आये. पर काच खाली पायजे. आन् तुझं नाव मी घेणार न्हाई."

"नको घिऊ," रतनबाई म्हणाली. चंद्र मिळत होता, नावासाठी कुठं अडायचं? असं तिनं स्वतःला समजावलं खरं, पण मनाला काही ते पटेना.

देखावा उघडला त्या संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटली. यंत्रानं मान फिरवली, दगड उचलला. त्याच्यामागं चांदीसारखा चांद्रवीर उभा. ना हात हलत होता, ना पाय. शंभू बाजूला माईक घेऊन निवेदन करत होता.

"आत पुतळा हाय," गर्दीत एक जण म्हणाला.

"पुतळा न्हाई, छाती हलतीया," दुसरा म्हणाला. "पुण्यास्नं नट आणला आसंल भाड्यानं. ह्या गावातल्या कुणाला जमतंय असं उभं राहाया."

शंभूचं निवेदन तिथंच अडलं. असं कुणाला जमतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? लहानपणी मेंढरांमागं झोप लागायची, जाग आली की आई आहे तिथंच उभी दिसायची, आणि तो बिनघोर पुन्हा झोपायचा. त्याला एकाएकी स्वतःची शरम वाटली. इतकी वर्षं त्यानं मिरवायचीच गोष्ट लपवली होती.

"नट न्हाई," तो म्हणाला. माईक पार छातीपर्यंत खाली आला होता. "आत माझी आई हाय. रतनबाई. मेंढरं घिऊन कोकणात चालत जायची. मी वाटंवर झालो."

पुढच्या दोन रांगांनी माना उंचावून काचेत बघितलं. चंद्रावरचा माणूस जागचा हलला नाही. पण काचेच्या आतून आवाज आला, चांगला करडा.

"पुन्यांदा सांग, माईक वर धरून. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."