ओठावरचा चिमटा

सकाळी लाँड्रीचं शटर उघडलं की ताईचा आवाज रस्ताभर घुमायचा. "निळी कॉलर, कॉटनचा शर्ट, एक बटन गायब! कुणाचा हो?" पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईकसुद्धा धावत यायचं. दुकान बाबांचं, पण चालायचं ताईच्या गळ्यावर. सगळे तिला भोंगा म्हणत आणि तिला ते चक्क आवडायचं!

मग ताईला स्थळ आलं आणि पाठोपाठ घरात आत्या आली.

या घराच्या नात्यागोत्यात हुंडा घेत नाहीत, बरं का! छाती फुगवून सांगतात सगळ्यांना. मुलीने फक्त चार माणसांसमोर इंग्रजीचं एक पान वाचून दाखवायचं. वाचन पसंत तर मुलगी पसंत. अशा कितीतरी मुली आत्याने तयार करून दिल्या होत्या, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

"म्हण, कॉलर."

"कॉलर!"

"अगं, शेवटी धोंडा काय आपटतेस? जोर सगळा सुरुवातीला. शेवट नुसता ओठांतून निसटला पाहिजे, अर्धा गिळून. आता बटन."

"बटन!"

"तो 'टन' रस्त्यावर ऐकू गेला! मधला स्वर खा."

"सगळं मीच खाल्लं तर गिऱ्हाईकाला काय देऊ, आत्या?"

आईला हसू फुटलं. आत्या मात्र उठली, दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला आणि ताईच्या खालच्या ओठाला लावला. "जबडा फार उघडतो हिचा. आता उघड बघू."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आईचं हसू विरलं. "सोस गं थोडं," ती म्हणाली, "मीही सोसलंय." आणि ती इस्त्री तापली का ते बघायला वळली. इस्त्री केव्हाची तापली होती.

चिमटा रोज लागू लागला. ओठ सुजला, मग काळा पडला. शाळेतून आली की धाकटी बहीण त्यावर हलक्या बोटाने मलम लावायची. आणि ताईला खरंच जमायला लागलं! शब्दांची टोकं इतकी मऊ झाली की आत्याने पाठ थोपटली. पण गिळायची सवय लागली ती लागलीच. "जेवलीस का?" विचारलं की ताई "जेव..." म्हणून थांबायची. काउंटरवर "निळी कॉ..." म्हणायची आणि समोरचं गिऱ्हाईक कानाला हात लावून विचारायचं, "भोंग्याला झालं काय?"

"लग्न ठरतंय तिचं," बाबा कौतुकाने सांगायचे.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, चहा, बिस्किटं. ताईने पान वाचलं. एकही शेवट आपटला नाही. मुलाची आई डोळे मिटून ऐकत होती. "लोण्यासारखं वाचते हो!"

आत्याची मान ताठ झाली. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आता दादा, तुम्ही वाचा ना!"

मुलाने हसत पान घेतलं. आणि काय सांगू! प्रत्येक शेवट दाणकन! ताईचा जुना आवाज परवडला.

"दादांना चिमटा नाही लावला का कुणी?" धाकटीने विचारलं.

"पुरुषांचं चालतं गं," मुलाची आई म्हणाली. मुलगाही मजेत हसला. त्याची आई पुढे म्हणाली, "पण ही भलतीच चुरूचुरू बोलते. हिला आत्तापासूनच वळण लावा."

"लावते की!" आत्याने पदराखालून चिमटा काढला आणि सगळ्यांसमोर धाकटीच्या ओठाला लावला. खोली हसली. बाबाही हसले. धाकटीला रडता येईना, कारण रडायला तोंड उघडावं लागतं.

ताई उठली. तिने तो चिमटा सोडवला आणि मुलाच्या आईच्या हातावर ठेवला.

"घरी न्या," ती म्हणाली. "तुमच्या मुलाला लावा. त्याचं शिकून झालं की या, मग मी बघेन पसंत पडतो का."

प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर दणदणीत!

चहा अर्धा टाकून पाहुणे गेले. बाबांनी हात उगारला. आईने मधे पडायला हवं होतं, पण ती कपबशा उचलत राहिली. "आता मर इस्त्री करत," आत्या म्हणाली. "कुत्रं विचारणार नाही तुला."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ताईला मागे धुण्यावर बसवलं आणि काउंटरवर स्वतः उभे राहिले. त्यांचा आवाज दारापर्यंतही पोचेना. कपड्यांचा ढीग वाढत गेला, गिऱ्हाईकं कंटाळून परतू लागली. तेव्हा मागून आरोळी आली, "मरून रंगाची कॉलर, दोन बटनं तुटलेली, कुणाचा शर्ट?" पाठोपाठ दुसरी, बारीक, पण तितकीच ठणठणीत, "घेऊन जा होऽऽ!"

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. अजूनही ते ताईशी बोलत नाहीत. तिच्या ओठावरचा काळा डागही गेलेला नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात असं काही नाही. नसेलच! तरी आज वाळलेले कपडे काढताना एक चिमटा स्वतःच्या ओठाला लावा, आणि मग तुमच्या मुलीला हाक मारून बघा.