तोफेचा नेम

आमच्या घरात भांडणाला विषय एकच: बास्केटबॉलच्या संघानं लांबून शॉट मारावेत की डिफेन्स करावा. इतरांच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरून वाजतं, गादीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून वाजतं. आमच्याकडे ओला टॉवेल गादीवर तसाच पडून असतो आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, मिरपुडीची बाटली आणि लिंबाच्या फोडी मांडून हमरीतुमरीवर आलेलो असतो. मीठ म्हणजे आपला संघ, लिंबं म्हणजे समोरचा. पोळी गार होते ती होतेच.

आमचे हे महिला संघाचे कोच. संघ म्हणजे आपल्याच बाजारातल्या कामकरी बायकांचा. एक नर्स, एक बेकरीवाली, दोघी बँकेतल्या, एक रंगाच्या दुकानातली, असा सगळा मेळ. पण यांचा थाट बघाल तर जगज्जेते घडवायला निघालेत. पोटापाण्यासाठी आमचं चष्म्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं. मी पुढच्या खोलीत डोळे तपासते, हे मागे बसून लेन्स घासतात. आणि बास्केटबॉलचं म्हणाल, तर मी आयुष्यात बॉल हातात घेतला तो फक्त पलंगाखालून काढून द्यायला. पण वाद घालायचा तर कुणीतरी दुसऱ्या बाजूनं बोलायला हवं ना? हे शूटिंगवाले, म्हणून मी लग्नानंतर लगेचच डिफेन्सवाली झाले.

"अहो, रोज रोज बॉल आत जायला तो काय तुमचा नोकर आहे?" मी म्हणायची. "समोरच्याला टाकूच दिला नाही तर निदान हरायचं तरी नाही."

"तुला तोफेचा नेम माहीत नाही का?" हे म्हणायचे, आणि त्यांच्या लेखी विषय संपायचा.

तोफ म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. तिच्या खऱ्या नावाची आता तिलाच आठवण करून द्यावी लागेल, इतकी ती सगळ्यांची तोफ झालीय. आमच्या दुकानाला लागूनच तिचं केस कापायचं दुकान आहे. लहानपणी सासऱ्यांनी मागच्या अंगणात भिंतीवर एक रिंग ठोकून दिली. तेव्हापासून दादानं पास द्यायचा आणि तिनं लांबून मारायचा, हा या भावा-बहिणीचा शिरस्ता. दोघांना एरवी एकमेकांशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. तो म्हणणार, "जेवलीस का?" ती म्हणणार, "हं." पण बॉल हातात आला की दोघांना कंठ फुटतो.

आता दुकानाच्या दर्शनी भिंतीवरचा फोटो सांगायलाच हवा. हाताएवढ्या अक्षरांत वर लिहिलंय, "नजर असावी तर अशी!" आणि खाली तोफ, उडी घेतलेली, बॉल नुकताच बोटांवरून सुटलेला. सासरे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "सगळ्या गावाला चष्मे विकतो मी, पण माझ्या लेकीला लागायचा नाही." सासरे गेले आणि तेच वाक्य यांनी उचललं. गिऱ्हाईक चष्मा घालून बाहेर पडतं ते आमच्या तोफेचं कौतुक ऐकूनच.

या मोसमात मात्र काहीतरी बिनसलं. आपल्या हॉलमध्ये तोफ पूर्वीसारखीच दणादण बास्केट करायची, पण बाहेरच्या हॉलमध्ये गेलं की शॉट रिंगच्या आसपाससुद्धा फिरकायचा नाही. एकदा तर बॉल सरळ बाकावर बसलेल्या पंचांच्या चहात. यांनी कारणं शोधून काढली. तिथला बॉल जास्त फुगवलेला होता. तिथली फरशी निसरडी. तिथले दिवेच मेले तिरके. शेवटी हे स्वतःचा पंप पिशवीत घालून न्यायला लागले. सामन्याआधी दोन्ही संघांच्या देखत बॉलला सुई लावून हवा कमी-जास्त करायचे, आणि मी स्टँडमध्ये ओळख न दाखवता बसायची.

संघ हरत चालला होता. शेवटचा सामना टायर कारखान्याच्या संघाशी, त्यांच्याच हॉलमध्ये. नर्सबाई आमच्या कॅप्टन, सरळ बोलणाऱ्या. त्या दुकानात आल्या आणि यांना म्हणाल्या, "कोच, या वेळी तोफेचे शॉट नाही गेले तर मला तिला बसवावं लागेल. मलाही वाईट वाटतंय, पण बाकीच्याही खेळतायत ना."

हे ऐकून तोफ मला एवढंच म्हणाली, "वहिनी, बसवलं तर मी बूट काढून ठेवीन. बाकावर बसून टाळ्या वाजवायला मला नाही जमायचं." ते तिनं हसत म्हटलं, पण मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

दर मोसमाच्या शेवटी मी संघातल्या सगळ्यांचे डोळे फुकट तपासते. नियम म्हणून नव्हे, माझी हौस म्हणून. त्या आठवड्यात एकेक जण येऊन गेली. तोफ आली ती कात्री हातात घेऊनच.

"पटकन उरक हं वहिनी. एकीच्या डोक्याला रंग लावून आलेय."

ती खुर्चीत बसली. मी समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा दिवा लावला, तिचा एक डोळा झाकला आणि म्हटलं, "वाच."

ती घडाघडा वाचत सुटली. "क. र, प. म, ल, ट. ह, ग, न, स..." थेट तळाच्या बारीक ओळीपर्यंत, मध्ये श्वासही न घेता, पाढे म्हणावेत तशा चालीत. मग दुसरा डोळा, तीच चाल.

मी भिंतीकडे बघत राहिले. कारण सासऱ्यांच्या वेळचा जुना पिवळा तक्ता मी त्याच आठवड्यात काढून टाकला होता. नव्या तक्त्यावर वर पहिलंच अक्षर होतं "ब". आणि ते ताटलीएवढं होतं.

आधी मला हसू फुटलं. मग हसू मावळलं. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"तोफे, तक्ता बदललाय गं."

या दुकानात रांगत मोठी झालेली मुलगी ती. तो तक्ता तिला बाराखडीच्या आधी पाठ झाला होता. दरवर्षी माझ्यासमोर बसून तिनं तो म्हटला आणि मी दरवर्षी "उत्तम!" म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली. सगळ्या गावाचे डोळे तपासणारी मी, अशी कशी गंडले?

"तुला रिंग दिसते का?" मी विचारलं.

"आपल्या हॉलमधली कुठे आहे ते माहितीये की. दाराच्या चौकटीपासून अंदाज घेते आणि मारते." तिनं कात्री उघडली, मिटली. "बाहेर काही कळत नाही. सगळं पांढरं पांढरं दिसतं. जवळचं मात्र स्वच्छ दिसतं हं, केस कापताना काही अडत नाही."

"अगं, मग चष्मा लावायचा! आपल्याकडे काय चष्म्यांची वानवा आहे?"

"आणि तो फोटो?" ती म्हणाली. "दादा रोज दहा जणांना दाखवतो. वहिनी, नेम सोडला तर दादाला माझ्यात दुसरं काय आवडतं, सांग ना. आम्ही बोलतो तरी का दुसरं काही?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि दोन धपाटेही घालावेसे वाटले. तिनं माझा हात धरून शब्द घेतला, दादाला सांगायचं नाही. मी मूर्ख, दिला.

त्या दिवसापासून टेबलावरचं भांडण खरं झालं. आधी मी गंमत म्हणून भांडायची, आता जीव तोडून भांडायला लागले. "डिफेन्स करा हो, डिफेन्स! तिला लांबून मारायला लावू नका. तिला समोरच्या बाईला अडवायला उभी करा." हे चक्रावले. म्हणाले, "तुझ्या अंगात काय संचारलंय? तोफेला तोफेचं काम सोडून पहारा करायला लावू? उद्या म्हणशील, नर्सबाईंना केस कापायला लावा." मी लिंबाची फोड फेकून मारली. शब्द दिलेला नसता तर खरं कारणच फेकून मारलं असतं.

सामन्याच्या दिवशी टायरवाल्यांचा हॉल भरलेला होता. भिंती पांढऱ्या, रिंगमागचा फळा काचेचा. तो बघितल्यावर मी मनात म्हटलं, संपलं. यांनी पंपाचा कार्यक्रम उरकला आणि शिट्टी वाजली.

तोफेनं पहिला शॉट मारला, तो फळ्यावरून गेला. दुसरा जाळीच्या खालून. तिसऱ्याला टायरवाल्यांच्या बायका हसल्या. यांचं एकच चाललेलं, "मार गं! तुझाच आहे, मार!" टायरवाल्यांची एक उंच मुलगी, सगळे तिला शिडी म्हणत होते, ती मात्र सुखानं बास्केटवर बास्केट करत होती. मध्यंतराला आम्ही इतके मागे होतो की फलकाकडे बघवेना.

मी स्टँडमधून उतरून थेट बाकाकडे गेले. नर्सबाई यांच्यासमोर उभ्या होत्या. "कोच, मी सांगितलं होतं."

"अजून एक संधी द्या," हे म्हणत होते. "एकदा नेम लागला की..."

"अहो, सोडा तो नेम!" माझा आवाज चढला. "डिफेन्सला लावा तिला!"

"तुला बास्केटबॉलमधलं काय कळतं?" हे माझ्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा, आणि तेही चारचौघांत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोफ उठून उभी राहिली.

"तिला ओरडू नकोस. दादा, मला रिंग दिसत नाही."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग या माणसानं काय करावं? स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला.

"अहो, तो वाचायचा आहे," मी म्हटलं.

"माहितीये मला," हे म्हणाले, पण चष्मा काढून घ्यायचं त्यांना सुचेना. "कधीपासून?"

"दोन मोसम झाले. यंदा फारच वाढलं."

हे बाकावर बसले. "मला वाटलं तू माझ्यावर रागावलीयस," ते म्हणाले. "मुद्दाम चुकवतेस. खेळ सोडायचाय पण दादाला सांगवत नाही, म्हणून असं करतेस. म्हणून मी तुझ्या मागे लागलो, मार, मार. म्हटलं, हिचे शॉट थांबले की ही जाईल."

"आणि मला वाटलं, माझा नेम गेला की तू..." तिनं यांचा चष्मा काढून यांच्या हातात दिला.

"अगं वेडे," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज पार फाटला, "नेम गेला खड्ड्यात. तू संघात नसलीस तर मी कुणासाठी शिट्टी फुंकतोय?"

बेकरीवाली हुंदका देऊन रडायला लागली. ती दूरदर्शनवरची मालिका बघूनही रडते, पण त्या दिवशी मीही तिला साथ दिली. कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या त्या फक्त नर्सबाई. त्यांनी विचारलं, "हाताच्या अंतरावरचं दिसतं का?"

"स्वच्छ," तोफ म्हणाली.

"मग त्या शिडीला चिकट. ती पाणी प्यायला गेली तरी सोबत जा."

यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायची गरजच नव्हती, पण तोंडावरचा विजय लपवला असेल असं मात्र नाही.

तोफ शिडीला अशी चिकटली की सांगता सोय नाही. आयुष्यभर तिनं लोकांची डोकी हातात धरलीत. कुठलं डोकं कधी वळणार, हे तिला ते वळायच्या आधी कळतं. नाहीतर कान कापले गेले असते. शिडीनं मान कलवायच्या आत तोफ त्या बाजूला हजर. शिडीनं हात वर केला की तोफेचा पंजा तिथे. शिडी आधी वैतागली, मग दमली, मग बॉल दुसरीला देऊ लागली. आमच्या बायकांना जोर चढला आणि रिंगखाली घुसून एकेक बास्केट व्हायला लागली. हे रेषेवर नाचत ओरडत होते, "अडव! अडव!" त्यांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

आम्ही हरलो. एका बास्केटनं. पण नर्सबाईंनी शिट्टी झाल्यावर तोफेला खांद्याला धरून हलवलं आणि म्हणाल्या, "पुढच्या मोसमात सरावाला वेळेवर ये, कारणं सांगू नकोस." एवढंच, आणि तोफेचा चेहरा असा झाला की बघणाऱ्यांना वाटावं, करंडक आम्हीच जिंकलाय.

तिथून आम्ही तिघं घरी न जाता दुकानातच आलो. या वेळी यांनी मला बाजूला सारलं. स्वतः तिला खुर्चीत बसवलं, स्वतः दिवा लावला, तिचा एक डोळा आपल्या तळहातानं झाकला.

"वाच."

"क," ती सवयीनं म्हणाली, आणि थांबली. मग पुढे झुकून, कपाळाला आठ्या घालून बघितलं. "दिसत नाही, दादा."

"त्याच्या खालची?"

"दिसत नाही."

"आणि ही?"

"नाही रे, काहीच दिसत नाही."

तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट नेम होता तो, सगळेच्या सगळे चुकले. आणि प्रत्येक "दिसत नाही"ला आमचे हे मान डोलवून म्हणत होते, "शाब्बास. शाब्बास गं."