नेल्सच्या मागे उभा राहिलेला गहू

जूनची सुवर्णवर्णी पहाट. अॅशग्रोव्ह काउंटीवर ती पूर्वेकडून उतरते, आणि तिला अडवायला ना डोंगर, ना अरण्य. आहे ती फक्त क्षितिजापर्यंत पसरलेली, वाऱ्याने लहरणारी, गहूवर्णी भूमी.

अमेरिकेच्या मध्यावरची ही काउंटी विस्ताराने अफाट, माणसांनी विरळ. एक संथ, उथळ नदी. घुमटाची एक जुनी कचेरी. चर्चच्या मनोऱ्याहून उंच धान्याची कोठारं. शाळा मिटल्या, आगगाडी थांबली, तरुण मुलं दूरच्या शहरांच्या दिव्यांकडे निघून गेली. दफनभूमीतली वस्ती गावातल्या वस्तीहून दाट झाली. तरी गहू येत राहिला. दरसाल, मुकाट, सोनेरी.

इंग्रिड हॉलबर्ग ओसरीवर उभी होती. समोर तिच्या नवऱ्याचा, नेल्सचा गहू उभा होता. पेरणारा वसंतात गेला, पेरलेलं पिकून आलं. ओंब्या जडावल्या, वाकल्या, वाऱ्यात सळसळल्या. जणू शेतच कुणाची तरी वाट पाहत होतं. इंग्रिड अजून रडली नव्हती. तिच्या आत काहीतरी गोठलं होतं, हिवाळ्यातल्या नदीसारखं.

पश्चिमेला मेघ चढत होता. निळा नव्हे, काळा नव्हे. हिरवट, विषवर्णी, गारांनी गर्भार.

दिवस जेमतेम वर आला, तोच रस्त्यावर धूळ उठली. धुळीतून एक हार्वेस्टर आला, मागून दुसरा, तिसरा. साऱ्या काउंटीतून, चहूदिशांनी. सगळ्यांत पुढे उत्तरेकडचा शेजारी, वॉल्टर ब्रांट. ओढ्याच्या पाण्यावरून त्याचं नि नेल्सचं बिनसलं होतं. कित्येक वर्षांत त्याने या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. दफनालाही तो दूर, फाटकापाशीच उभा राहिला होता.

तो पायरीशी आला. टोपी काढली.

"वॉल्टर, तुझा गहूसुद्धा पिकलाय," इंग्रिड म्हणाली. "आभाळ बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग आधी तुझा काप."

"नेल्सशी माझं भांडण होतं, इंग्रिड," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्याच्या गव्हाशी नव्हतं."

आणि मग यंत्रं गर्जू लागली. सुवर्णसागरात पाती शिरली. भुसा उडाला, सूर्य धूसर झाला. माणसं जेवायलाही थांबली नाहीत. इंग्रिडने बांधावर नेलेले पाव त्यांनी यंत्रावर बसूनच खाल्ले. मेघ चढत राहिला, शेत सरत राहिलं. दुपार कलली आणि शेवटची ओळ पडली. ट्रक धान्य घेऊन कोठारांकडे धावले, हार्वेस्टर आपापल्या शेतांकडे.

वॉल्टर आपल्या बांधापर्यंत पोचला, आणि आकाश फुटलं.

शुभ्र, कठोर, निर्दय गारा. दहा मिनिटांचं तांडव. नेल्सच्या शेतात त्यांना झोडपायला काही उरलं नव्हतं. वॉल्टरच्या शेतात सारं उभं होतं.

पाऊस ओसरताच इंग्रिड निघाली. ओल्या धसकटांतून, वितळत्या गारांतून, धावत, धापा टाकत. वॉल्टर आपल्या आडव्या झालेल्या गव्हाच्या मधोमध उभा होता. त्याच्या पायांशी सोनं चिखलात मिसळलं होतं.

"वॉल्टर..." ती त्याच्यापाशी येऊन थांबली.

त्याने वाकून एक मोडकी ओंबी उचलली. तळव्यावर चोळली, फुंकर मारली, फोलपटं उडवली. उरलेल्या दाण्यांतले अर्धे त्याने तिच्या ओंजळीत टाकले.

"चांगला भरला होता," तो म्हणाला.

तिने दाणे तोंडात टाकले. ओले, गोडसर, मातीच्या वासाचे. चावता चावता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नेल्ससाठी, या शेतासाठी, या विरळ, विशाल, मुकाट मुलखासाठी. वॉल्टर शेजारी उभा राहिला, चावत राहिला. मेघ पूर्वेला सरला. भिजलेल्या काउंटीवर सांजप्रकाश तिरपा उतरला. आणि त्या अफाट मोकळ्या भूमीवर दोन लांब सावल्या, शेजारी शेजारी, हळूहळू अंधारात मिसळल्या.