शिवदासच्या गाडीचं रडणं

भांडुपच्या आमच्या चाळीसमोर सकाळी सातपासून रांग. रेशनची नव्हे, शिवदासच्या फियाटची! त्र्याऐंशीचा दसरा होऊन आठवडा उलटला होता. शिवदास श्रावणात गेला, आणि आता म्हणे त्याची गाडी रडत होती.

एक बुवा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचा. "कुंऽऽई!" झालं, सगळ्यांचे हात जोडलेले.

"रडता हा गो, शिवदास रडता हा!" शेजारची सोनूबाई डोळे पुसायची.

"वर्षाच्या आत सण केलात!" बुवा गरजायचा. "मेलेल्याच्या गाडीला हार? आत्मा अडकलाय. गाडी मठाला द्या, सुटेल!"

शिवदासची बायको रत्नप्रभा पायरीवर बसून ऐकायची. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण दर दसऱ्याला शिवदास गाडी पुसून झेंडूचा हार घालायचा. तो दिवस तिला रिकामा काढवेना, म्हणून तिने एकटीनेच हार बांधला. आता आपण नवऱ्याला रडवलं म्हणून बिचारी दाराला हात लावून माफी मागायची. जेवण सुटलं होतं तिचं.

मी चंद्रप्रकाश, कारखान्यात फिटर, राहतो समोरच्याच खोलीत. शिवदासचा जिगरी दोस्त म्हणवतो, पण तेराव्यानंतर तिच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. लाज वाटते सांगायला. त्या दिवशी बुवाने सहीसाठी कागद काढले, तेव्हा कुठे मी पक्कड घेऊन उतरलो.

"सरका बुवा, आत्मा बघू दे जरा."

"हात लावू नकोस, भस्म होशील!"

"विमा उतरवलाय. सरका!"

वाकून बघितलं. दारापुढच्या पत्र्यावर चकचकीत पट्टी असते ना, तिच्यात रत्नप्रभावहिनींनी हाराची तार खुपसून करकचून आवळली होती. हार काढला, तार तशीच. त्या ओढीने पट्टी मागे सरकून दाराच्या फटीवर आली होती. दार उघडलं की त्याची कड तिच्यावर घासायची. तिथला रंगही खरवडलेला.

मी तार कापली, पट्टी पुढे सरकवली, दार उघडलं. चिडीचूप.

"बघा! माझ्या मंत्राने आत्मा सुटला!" बुवा ओरडला.

मी पट्टी बोटाने मागे ओढली. "कुंऽऽई!"

"आला परत? इतक्यात? रिटर्न तिकीट काढून गेला होता काय?"

लोक खो खो हसले. मी पट्टी जागेवर नेऊन पक्कडीने तिची क्लिप दाबली. बुवा कागद काखेत मारून सटकला आणि तमाशा संपल्यावर गर्दीही पांगली.

वहिनींनी स्वतः दोनदा दार उघडून बघितलं. "म्हणजे हे माझ्यामुळे रडत नव्हते?"

"नाही वहिनी. पत्रा घासत होता नुसता."

"सुटले हो मी, भावजी." मग त्या रडायलाच लागल्या. "पण दार वाजलं की वाटायचं, कुणीतरी आहे. आता तेही नाही."

मी तिथेच पायरीवर बसलो.

लोकहो, आवाज आला की हात जोडण्याआधी वाकून बघा, कुठे काय घासतंय ते. मेलेली माणसं दारातून रडत नाहीत, जिवंत माणसं रडतात. आठ दिवस अख्खं भांडुप त्या गाडीचं रडणं ऐकायला लोटलं होतं. त्या बाईचं ऐकायला कुणी आलं नाही. मीसुद्धा नाही.